पापड वाळायला लागणारा वेळ

भुसावळला आई खाटेवर उडदाचे पापड टाकते
आणि शेवटचा टाकेपर्यंत
पहिल्याच्या कडा उचललेल्या असतात,
कुणी हाक मारल्यासारख्या.

माझी बदली तोरणमाळला झाली, दवाखान्यात.
एप्रिलात तिनं पिठाचा गोळा पाठवला,
तेल लावून, केळीच्या पानात,
शहाद्याला कंडक्टरचे हात बदलत.
"लाटून घे. ऊन तं तेच हाये."

ऊन तेच होतं.
पण दुपार सरली तरी पापड मऊच,
कानाच्या पाळीसारखे.
संध्याकाळी मी शाल काढली, पापड आत घेतले.

रात्री फोन. "आज सेहेचाळीस. तुह्याकडं?"
"पांघरूण घेतलंय."
"खोटं नको बोलू. तू तं वर गेलीस,
सूर्याच्या अजून जवळ.
तापायला पाहिजे का निवायला?"

मला उत्तर आलं नाही.
नर्सिंगला ताप शिकवतात, माणसांचा.

मग एका रात्री, झोप लागता लागता,
वडिलांचं दुकान आठवलं.
तोताराम सायकल मार्ट, स्टेशनच्या पलीकडे.
मी सात वर्षांची, पंप दाबतेय,
दांडा जड होत जातो, जड, अजून जड,
आणि पंपाच्या तळाला बोट लागून चटका.
विस्तव कुठे नव्हता. नुसती हवा होती,
कोंबलेली.
वडील हसले, व्हॉल्व्हची पिन दाबली,
फुस्स करून जी सुटली ती गार,
माझ्या भाजलेल्या बोटावर.

म्हणजे भुसावळ पंपाच्या तळाशी आहे, आई.
उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर,
मधल्या तापीच्या खोलगटात
वरची सगळी हवा आपल्या डोक्यावर बसलेली.
आणि मी इथे व्हॉल्व्हच्या तोंडाशी.
हवा चढते, सैल होते, पाय पसरते,
पसरता पसरता निवते.
सूर्य जवळ आल्यानं काय होतं?
त्याची ऊब धरून ठेवायला दाट हवाच नाही इथे.

तिला पटलं नाही. ती आली.

घाटात तिचे कान बंद झाले.
"बहिरी झाले वाटतं," ती अख्ख्या गाडीला ओरडून सांगत होती.
पिशवीतलं चिवड्याचं पाकीट
वळणागणिक फुगत गेलं, फुगत गेलं,
सातव्या वळणावर तर बाळंतिणीच्या पोटासारखं टच्च.
तिनं त्यावर हात ठेवला, बराच वेळ.
मग म्हणाली, "तुह्या बापाचा पंप."

(साक्रीच्या नलूआत्याला मात्र अजून कोडंच.
नवापूरला छत्री उलटते, भाताला पाणी जास्त होतं,
आणि कोंडाईबारी ओलांडली की धूळ.
आई तिला म्हणाली, ढग म्हणजे तुझा मोठा दीर.
चढ लागला की हातातलं ओझं आधी टाकतो,
मग या बाजूला उतरतो मोकळा, तोऱ्यात,
वर विचारतो, तुम्ही तहानलेले कसे?)

पापड शेवटी झिनाबाई पावरानं वाळवले.
काही बोलली नाही ती.
चुलीवरच्या आडव्या बांबूवर सूप ठेवलं,
दोन दिवस, तीन दिवस,
महूच्या लाकडाचा धूर खालून येत राहिला.
आई शेजारी बसून होती.
एकीची भाषा दुसरीला अर्धीच कळत होती.
वाळले तेव्हा दोघींनी मिळून मोजले,
चौदा फुटलेले.

परतीच्या गाडीत चिवड्याचं पाकीट
शहाद्याच्या आधीच बसलं म्हणे, सुरकुतलं.
कान उघडले. ब्लाउज पाठीला चिकटला.

आता मे संपत आलाय.
काल तिनं डबा उघडला.
"सत्तेचाळीस," ती म्हणाली, कूलरच्या आवाजातून.
"भाजला एक. धूर लागतो खाताना."
मग काहीच नाही, नुसती घरघर.
"थंडी पडली का तिकडं?"
"पडली."
"फुटलेले मी ठेवलेत," ती म्हणाली,
"चांगले तू आल्यावर तळू."